मॉडबस लाइनचं अपग्रेड आणि कम्युनिकेशन फॉल्ट

मॉडबस म्हणजे मीटर, ड्राइव्ह यांसारख्या डिव्हाइसशी बोलायची ठरलेली भाषा, आणि आरटीयू हे तिचं सीरियल वायरवरचं रूप. जुन्या प्लांटमधली आरएस-४८५ (दोन वायरींतल्या व्होल्टेजच्या फरकावर चालणारी सीरियल जोडणी) वायरवरची मॉडबस आरटीयू लाइन गेटवे (सीरियल आणि इथरनेटमधला दुभाषा) लावून इथरनेटवरच्या नव्या स्काडाला (प्लांटवर देखरेख ठेवणारी संगणक सिस्टिम) जोडली की काही डिव्हाइस अजिबात बोलत नाहीत, काही मधेच गप्प होतात, आणि काही बोलतात पण आकडे भलतेच देतात. हे फॉल्ट शोधायच्या पद्धतीबद्दलची ही नोंद आहे. यातले बरेचसे फॉल्ट नव्या सिस्टिमने आणलेले नसतात, ते आधीपासून लाइनवर असतात, जुना मास्टर (लाइनवर विचारणारा; उत्तर देणारं डिव्हाइस ते स्लेव्ह) सावकाश पोल करायचा, म्हणजे एकेकाला विचारत जायचा, आणि चुका पोटात घालायचा म्हणून दिसत नव्हते इतकंच. म्हणून जुनी लाइन तोडायच्या आधीच तिचा बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्लेव्ह अॅड्रेस, पोलिंगचा वेळ आणि एरर काउंटर लिहून घेणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल म्हणायला हवं.

मॉडबस मोडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढला, वर्ष बहुतेक संदर्भांत १९७९ दिलेलं आहे. आरएस-४८५ चं स्टँडर्ड १९८३ चं, त्यामुळे मॉडबस जन्मापासून ४८५ वरच होता असं कुठे वाचलं तर ते तारखांशी जुळत नाही, सुरुवातीची जोडणी आरएस-२३२ (त्याआधीची सीरियल पद्धत) ची धरणंच सयुक्तिक वाटतं. टीसीपीवरच्या (म्हणजे इथरनेट नेटवर्कवरून जाणाऱ्या) मॉडबसचं खुलं स्पेक १९९९ चं, पोर्ट ५०२. २०२० मध्ये मॉडबस ऑर्गनायझेशनने मास्टर-स्लेव्हऐवजी क्लायंट-सर्व्हर हे शब्द घेतले, पण साइटवर जुनेच शब्द चालतात म्हणून इथेही तेच ठेवलेत.

सगळ्यात जास्त वाद दोन डेटा वायरींच्या ए आणि बी टर्मिनलवर आहे, त्यातलं पॉझिटिव्ह कुठलं यावर. स्टँडर्डप्रमाणे लाइन आयडल (कोणीच बोलत नाही अशी) असताना ए हा बीच्या मानाने निगेटिव्ह असतो. पण बाजारातल्या बऱ्याच ट्रान्सीव्हर (लाइनवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) चिपवर ए नावाची पिन नॉन-इन्व्हर्टिंग आहे, म्हणजे आयडलला तीच पॉझिटिव्ह, आणि मीटर किंवा ड्राइव्ह बनवणाऱ्याने चिपवरचं अक्षर तसंच टर्मिनलवर छापलं की सगळं उलटं होतं. प्रोफिबसमध्ये (४८५ वरच चालणारं दुसरं औद्योगिक नेटवर्क) लाल वायर बी आणि ती पॉझिटिव्ह, हे स्टँडर्डला धरून आहे. मॉडबसच्या सीरियल स्पेकने डी० आणि डी१ अशी नावं दिली, त्यात डी१ म्हणजे बी, आयडलला पॉझिटिव्ह. कागदावर स्टँडर्डची बाजू बरोबर आहे, पण साइटवर अक्षरांवर विसंबूच नये. लाइनवर बायसिंग (आयडल पातळी पक्की धरून ठेवणारे रेझिस्टर) असेल तर पोलिंग थांबवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावायचा, जी वायर पॉझिटिव्ह दाखवेल ती डी१, आणि फरक २०० मिलिव्होल्टच्या वर हवा कारण रिसीव्हरची हमी तिथूनच सुरू होते. एखादं डिव्हाइस उलटं जोडलंय आणि त्याचं स्वतःचं बायसिंग पण चालू आहे असं झालं तर ते अख्ख्या लाइनची आयडल पातळी खाली ओढतं, मग बरोबर जोडलेली डिव्हाइस सुद्धा कचरा वाचायला लागतात.

टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावलेले रेझिस्टर) तपासायला पॉवर बंद करून दोन डेटा वायरमध्ये ओहम मोजायचे. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० येतात, ४० च्या आसपास आले तर तिसरा कुठेतरी लागलाय, आणि बहुतेक वेळा तो नव्या गेटवेच्या आतला डिप स्विच ऑन राहिलेला असतो. टू-वायर म्हणतात त्या लाइनला खरं तर तिसरी कॉमनची (सिग्नल ग्राउंडची) वायर पण लागते, स्पेकमध्ये ती सांगितलेली आहे, पण पुष्कळ जुन्या लाइनवर ती ओढलेलीच नसते. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच कॉमन-मोड (दोन्ही वायरींवर सारखंच येणारं, ग्राउंडच्या फरकाचं व्होल्टेज) सहन करतो, आणि नवं पॅनेल वेगळ्या अर्थिंगवर बसलं की ही मर्यादा ओलांडली जाते. अशा ठिकाणी मोठा पंप किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की लाइन पडते. आयसोलेटेड रिपीटर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारा) लावणं हा त्यावरचा भरवशाचा उपाय.

टायमिंगचं गणित अपग्रेडच्या आधीच करावं. ९६०० बॉडला ११ बिटचं एक कॅरेक्टर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतं. २० रजिस्टर (डिव्हाइसमधले १६ बिटचे आकड्यांचे कप्पे) वाचायला ८ बाइटची विनंती आणि ४५ बाइटचं उत्तर, म्हणजे ६१ मिलिसेकंद नुसते वायरवर जातात, त्यात फ्रेममागे साडेतीन कॅरेक्टरची शांतता म्हणजे प्रत्येकी ४ मिलिसेकंद आणि मीटरचा स्वतःचा विचार करायचा वेळ धरला की एका मीटरला १०० मिलिसेकंद सहज लागतात. ३० मीटर म्हणजे ३ सेकंद. नव्या स्काडात सगळ्यांना १ सेकंदाचं पोलिंग देऊन ठेवलं तर विनंत्या गेटवेत साचत जातात, आणि स्काडाचा टाइमआउट गेटवेच्या टाइमआउटपेक्षा लहान असेल तर आधीचं उत्तर उशिरा येतं तोवर इकडून रिट्राय गेलेला असतो आणि लाइन आणखी तुंबते. एक बंद पडलेला स्लेव्ह, १ सेकंद टाइमआउट आणि ३ रिट्राय, एवढ्यावर प्रत्येक फेरीत ४ सेकंद जातात. काही जुनी डिव्हाइस उत्तर दिल्यावर आपला ड्रायव्हर, म्हणजे लाइनवरचा ताबा, लगेच सोडत नाहीत, त्यांना गेटवेत दोन फ्रेममधला डिले वाढवून दिला की सुधारतात.

फॉल्ट कुठल्या बाजूचा हे वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) पटकन कळतं. फंक्शन ०३ (रजिस्टर वाचायची विनंती) च्या उत्तरात ८३, म्हणजे चुकीची खूण, आणि त्यामागे ०बी हा चुकीचा कोड दिसलं तर इथरनेट ठीक आहे, गेटवेने विचारलं पण पलीकडचं डिव्हाइस बोललं नाही, म्हणजे आता सीरियल बाजूला जायचं. ०२ आलं तर डिव्हाइस जिवंत आहे, रजिस्टरचा पत्ता चुकलाय. मॅन्युअलमधलं ४०००१ हे वायरवर शून्य असतं, आणि ३२ बिटच्या आकड्यात कुठला शब्द आधी हे मॉडबसने ठरवलेलंच नाही, त्यामुळे किलोवॉटच्या जागी अचाट आकडा दिसला तर केबलच्या मागे लागण्याआधी वर्ड स्वॅप, म्हणजे दोन शब्दांची अदलाबदल, करून बघावं.

जुन्या कंट्रोलरचं इथरनेट कार्ड १० एमबीपीएस हाफ डुप्लेक्सचं (एका वेळी एकच बाजू बोलणारं) आणि स्विचचा पोर्ट फुल डुप्लेक्सला (दोन्ही बाजू एकदम बोलणारा) फिक्स केलेला असेल तर पिंग व्यवस्थित जातो पण लोड वाढला की पॅकेट गळतात, तेव्हा कार्डच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) आणि स्विचच्या पोर्टवर सीआरसी (बिघडलेल्या पॅकेटची तपासणी) काउंटर बघावेत.

मॉडबस प्लसला यातलं फारसं लागू होत नाही. ते टोकन (बोलायची पाळी देणारा संदेश) फिरवणारं १ एमबीपीएसचं वेगळं नेटवर्क आहे, एका सेगमेंटवर ३२ आणि रिपीटर धरून ६४ नोड, त्याला वेगळा ब्रिज लागतो आणि साधा सीरियल गेटवे तिथे चालत नाही.