करमणूक (साप्ताहिक)

पुण्याहून १८९० ते १९१७ या काळात निघालेले, प्रामुख्याने कथा-कादंबऱ्यांना वाहिलेले मराठी साप्ताहिक. संपादक हरि नारायण आपटे (१८६४–१९१९). संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या आनंदाश्रम या चुलत्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचा कारभार, पुढे पुणे नगरपालिकेतील काम आणि त्यासोबत दर आठवड्याचा मजकूर, असा हा एकहाती व्याप होता.

‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ही पत्रे समाजसुधारणेच्या प्रश्नांवर निबंधांतून वाद घालीत होती. आपटे ‘सुधारक’कार आगरकरांच्या विचारांत वाढलेले, पण त्यांनी तेच प्रश्न गोष्टीच्या वाटेने घरातल्या बायकामुलांपर्यंत नेले. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची गोडी लागलेल्या वाचकाला ‘करमणूक’ने पुण्याच्या मध्यमवर्गीय वाड्यात, माजघरात आणून बसवले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी येथेच १८९० पासून क्रमशः आली. यमू ही बालविधवा स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. केशवपनाचा (विधवेचे केस काढण्याचा) प्रसंगही तिच्याच शब्दांत येतो. याच सुमारास मुलीशी शरीरसंबंधासाठीचे किमान वय दहावरून बारा करणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून (१८९१) पुणे पेटले होते. मुलीच्या संमतिवयावर पुरुष सभा गाजवीत असताना ती मुलगीच बोलू लागते. त्या वादात याहून मोलाची साक्ष क्वचितच कुणी दिली असेल.

हप्त्याहप्त्याने लिहिण्याचा परिणाम रचनेवर झाला. या कादंबऱ्या ऐसपैस आहेत. मध्येच लेखक वाचकाशी बोलतो, उपकथानके फुटतात, एखादा प्रसंग आठवडेच्या आठवडे लांबतो. ‘सूर्यग्रहण’ तर अपुरीच राहिली. टीकाकारांनी हा पाल्हाळ दोष मानला, पण यमूच्या सासर-माहेरचे बारीकसारीक तपशील त्या सैलपणामुळेच टिपता आले. पुढे ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ अशा शिवकालीन कादंबऱ्यांनीही वाचक बांधून ठेवले. आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ही येथेच आल्या, आधुनिक मराठी लघुकथेची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. केशवसुतांच्या कविताही या अंकांत छापल्या गेल्या.

१८९५ मध्ये मुंबईत ‘मासिक मनोरंजन’ निघाले आणि १९०९ मध्ये त्याने पहिला दिवाळी अंक काढला. ललित वाचनाचा मोठा वर्ग हळूहळू मासिकांकडे वळला. १९१२ मध्ये आपटे अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही ‘करमणूक’ चालूच होते. १९१७ मध्ये ते थांबले. त्यातील कादंबऱ्या मात्र पुस्तकरूपाने पुन्हापुन्हा छापल्या गेल्या.