कॉर्कची फरशी: 'टिकाऊ' आणि 'शाश्वत' यांतला घोळ

कॉर्क म्हणजे कॉर्क ओक या झाडाची जाड साल. तो पायाखाली आला तो बाटल्यांची बुचे कापून उरलेल्या चुऱ्यातून. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या लिनोलियममध्ये, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या आच्छादनात, जवसाच्या तेलाबरोबर हाच चुरा असे. पुढे १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्यानात आले, की कॉर्कचे कण साच्यात दाबून तापवले तर त्यांच्याच अंगच्या मेणचट द्रव्याने ते एकजीव होतात, वरून डिंक लागत नाही. ती गडद तपकिरी लादी आजही भिंतींत उष्णतारोधक म्हणून बसवतात. जमिनीवरच्या लाद्या मात्र बहुतेक वेळा वेगळ्या, त्यांत कण रेझिनने, म्हणजे वरून घातलेल्या चिकट द्रव्याने, बांधलेले असतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रंथालयांनी आणि चर्चनी या लाद्या पसंत केल्या, कारण पावलांचा आवाज त्या गिळून टाकत. मग स्वस्त व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची फरशी, आले आणि कॉर्क मागे पडला.

तो परतला तो फळीच्या रूपात, एकमेकींत अडकवून बसवता येणाऱ्या. घोळ इथूनच सुरू होतो. या फळीत वर कॉर्कचा पातळ थर, मधे लाकडाच्या तंतूंची दाबलेली पाटी आणि खाली पुन्हा थोडा कॉर्क असतो. म्हणजे जाडीचा बराच भाग कॉर्क नव्हेच, आणि पाणी मुरले तर फुगते ती मधली पाटी. काही फळ्यांवर तर लाकडाचे छापील चित्र आणि त्यावर व्हिनाइलचा पारदर्शक थर असतो. सगळ्यांचे नाव एकच: कॉर्क फ्लोअरिंग.

त्यात 'सस्टेनेबल', म्हणजे निसर्गाला न संपवता चालू राहणारे, शाश्वत, यासाठी आपण सर्रास 'टिकाऊ' लिहितो. व्हिनाइलच्या थराने फळी टिकाऊ होते यात शंका नाही. ओरखडे कमी पडतात. पण त्याच थरामुळे ती नैसर्गिक राहत नाही आणि थर वेगळे करणे अवघड असल्याने पुनर्वापरही अडतो. टिकाऊपणा वाढला, शाश्वतता घटली, आणि मराठीत दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसल्या. अख्ख्या कॉर्कची, जमिनीला चिकटवलेली लादी दर काही वर्षांनी वार्निश मागते हे खरे. पण ती घासून पुन्हा नवी करता येते. शाश्वत म्हणायचेच तर आधी तिला म्हणावे.

आणखी एक गुंता जंगलाचा. जगातला जवळपास निम्मा कॉर्क पोर्तुगालमधून येतो. साल सोलताना झाड तोडत नाहीत, हे वाचकांना ठाऊकच आहे. कमी बोलले जाते ते पैशांबद्दल: जंगल जगते बुचाच्या किमतीवर, फरशी त्याच्या उरलेल्या मालावर. झाडाच्या पहिल्या दोन सोलण्यांत निघालेला माल बुचाच्या प्रतीचा नसतो, तोही फरशीकडे येतो. बुचामुळे वाइनला कुबट वास लागतो या तक्रारीवरून १९९० नंतर प्लास्टिकची आणि धातूची झाकणे वाढली, तेव्हा खरा धोका या जंगलांना होता. फरशीची मागणी त्या काळात आधार ठरली, पण बुचाची जागा भरून काढण्याइतकी ती कधीच नव्हती.

पोर्तुगालचा कायदा दोन सोलण्यांत किमान ९ वर्षे सोडायला लावतो. सोलल्यावर खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवतात. २०२४ मध्ये ४ लिहिलेल्या झाडाला २०३३ पर्यंत हात लागत नाही. त्या नऊ वर्षांच्या आतच उखडून फेकावी लागणारी फळी कॉर्कच्या नावाने विकू नये.