परदेशात माल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी : पुढची बाजारपेठ कुठे?

तुर्भ्याच्या आमच्या ऑफिसात शिपिंग बिल (माल परदेशी पाठवण्यासाठी कस्टम्सकडे द्यायचा अर्ज) भरताना एक प्रश्न हमखास निघतो, “अमेरिका-युरोप सोडून माल कुठे खपेल?” त्याचं उत्तर जरा मागून सुरू होतं.

1950 साली राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच गोष्ट मांडली. गरीब देश चहा, कॉफी, कापूस विकतात आणि यंत्रं विकत घेतात. पण यंत्रांच्या मानाने कच्च्या मालाचा भाव हळूहळू घसरत जातो. म्हणजे त्याच यंत्रासाठी पुढे जास्त गोणी मोजाव्या लागतात. अधूनमधून तेजी येते, पण टिकत नाही. भावाच्या चढउतारात पोळलेल्या शेतमालवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

1948 मध्ये जगाच्या मालनिर्यातीत भारताचा वाटा 2 टक्क्यांहून थोडा जास्त होता. 1980 च्या दशकात तो अर्ध्या टक्क्यावर आला. 1991 नंतर चढला, तरी अजून 2 टक्क्यांच्या आतच आहे. याच काळात कोरिया, चीन, व्हिएतनाम कारखान्यातला पक्का माल विकून पुढे गेले. आज जगाच्या मालनिर्यातीत विकसनशील देशांचा वाटा 40 टक्क्यांच्या वर आहे आणि हे देश एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक झाले आहेत. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

म्हणून रबाळे, वागळे इस्टेटच्या कारखानदारांना आम्ही आखाती देश आणि आफ्रिका आधी बघायला सांगतो. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा झालेला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. तिथे एरवी बहुतेक मालावर 5 टक्के ड्युटी (आयात शुल्क) लागते. करारात बसणाऱ्या मालावर ती कमी होते किंवा माफ होते. मात्र सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, हवंच. ते वेळेत न काढल्यामुळे खरेदीदाराने पूर्ण ड्युटी भरली आणि पुढची ऑर्डर गेली, हे आम्ही पाहिलं आहे. फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

एकतर्फी सवलतीच्या भरवशावर भाव ठरवू नका. अमेरिकेने विकसनशील देशांच्या मालासाठीची ‘जीएसपी’ ही आयात शुल्कातली सवलत भारतासाठी 5 जून 2019 पासून काढून घेतली.

कोटेशन देण्याआधी एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार ओळखायचा आकडा) आणि कच्च्या मालाची बिलं घेऊन या. कुठल्या देशात किती ड्युटी बसेल ते आपण समोर बसून काढू.