लेव्ही की शिबंदी? ब्रह्मदेशातल्या करेन तुकड्या

१४ एप्रिल १९४४ म्हटलं की मुंबईकराला व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट आठवतो. त्याच दिवशी कोहिमाला जपान्यांचा वेढा होता आणि नागा टेकड्यांपासून पूर्व ब्रह्मदेशापर्यंत डोंगरी जमातींची माणसं, त्यांत ब्रह्मदेशातल्या करेन जमातीचीही, इंग्रजांसाठी टेहळणी, वाटाडेपण आणि छापे मारण्याचं काम करत होती.

इंग्रजी कागदांत या तुकड्यांना ‘लेव्ही’ म्हणतात. मशीद बंदरात लेव्ही म्हणजे माथाडी मंडळात मालकाने भरायची रक्कम, त्यामुळे आपल्याकडे हा शब्द भलतीच दिशा दाखवतो. ‘अनियमित फौज’ म्हणावं तर गैरशिस्तीचा वास येतो. जुन्या दप्तरांतला ‘शिबंदी’ हा शब्द सर्वांत जवळचा: गरजेपुरती ठेवलेली, पगारावरची माणसं. तरी तोही पुरता बसत नाही. शिबंदी जो पगार देईल त्याची. करेन मात्र आपल्याच गावासाठी लढत होते. कागदावर ‘लेव्ही’ लिहिलं की सरकार पुढच्या जबाबदारीतून मोकळं होतं, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

१९४२मध्ये जपान्यांपुढे माघार घेताना इंग्रजांच्या ब्रह्मी पलटणीतल्या अनेक शिपायांना बंदूक देऊन गावी धाडलं गेलं. त्याच वर्षी इरावतीच्या मुखाकडच्या म्याउंगम्या भागात जपान्यांच्या बाजूच्या ब्रह्मी फौजेने करेन वस्त्यांत कत्तली केल्या. डोंगरात मागे राहिलेल्या एका इंग्रज मेजरच्या शोधात जपान्यांनी गावं छळली, तेव्हा १९४४च्या सुरुवातीला तो स्वतः शरण गेला. सप्टेंबरात रंगूनमध्ये त्याला आणि त्याच्या करेन साथीदारांना ठार करण्यात आलं. गावं वाचावीत म्हणून शरण गेलेला हा माणूस करेनांना परका वाटला नाही, यात नवल नाही.

१९४५मध्ये विमानांतून उतरवलेल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली हजारो करेनांनी रंगूनच्या वाटेवरच्या टाउंगू शहराकडे जाणारं जपानी सैन्य डोंगरवाटांवर अडवून धरलं. एप्रिलअखेर टाउंगू इंग्रजांच्या हाती आलं, मेच्या सुरुवातीला रंगून.

पुढे ‘वेगळा मुलूख देऊ’ असं वचन इंग्रजांनी करेनांना दिलं होतं का, यावर आजही वाद आहे. लेखी काही नव्हतं, पण बरोबर लढलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून आशा मिळाली होती, असं करेन सांगतात आणि मला ते खरं वाटतं. १९४६मध्ये त्यांचं शिष्टमंडळ लंडनहून हात हलवत परतलं. डोंगरी जमातींनी स्वतंत्र ब्रह्मदेशात सामील व्हावं म्हणून झालेल्या १९४७च्या पांगलाँग करारावर शान, कचिन, चिन यांच्या सह्या आहेत, करेनांची नाही. ४ जानेवारी १९४८ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. ३१ जानेवारी १९४९पासून करेनांचं सरकारशी युद्ध सुरू झालं.