छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

दक्षिण मुंबईतील मध्य रेल्वेचे अंत्य स्थानक आणि त्याच रेल्वेचे मुख्यालय. एकूण फलाट 18. त्यांपैकी 7 उपनगरी लोकलसाठी आणि 11 मेल-एक्स्प्रेस गाड्यांसाठी. 2004 मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अधिकृत नाव बोलण्यात क्वचितच पूर्ण उच्चारले जाते. जुनी माणसे आणि टॅक्सीवाले अजून ‘व्हीटी’ म्हणतात, नंतरच्या पिढीच्या तोंडी ‘सीएसटी’ बसले आहे, आणि इंडिकेटरवर व घोषणेत ‘सीएसएमटी’ असते. तिन्ही नावे एकाच डब्यात ऐकू येतात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.

स्थानकाच्या आधी इथे बंदर होते. बोरी बंदर हे त्याचे नाव; मालाच्या बोऱ्या इथे उतरत म्हणून ते पडले असे सांगतात. मुंबादेवीचे जुने देऊळही पूर्वी याच परिसरात होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीने, म्हणजे जीआयपीने, 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरी बंदरहून ठाण्याकडे गाडी सोडली. भारतातली ही पहिली प्रवासी गाडी. 14 डबे, सुमारे 400 निमंत्रित, 21 तोफांची सलामी, आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. अंतर 34 किलोमीटर. त्या वेळचे बोरी बंदर स्थानक साधेच होते. पुढे 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून रूळ वर चढले, दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या गोदीपर्यंत येऊ लागला, आणि कंपनीला साधे स्थानक पुरेनासे झाले. तिच्या पदरी आता पैसाही होता आणि तो दाखवायची हौसही.

नव्या इमारतीचे काम 1878 मध्ये सुरू झाले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आराखडा पक्का करण्याआधी तो युरोपातील स्थानके पाहून आला होता. बांधकाम दहा वर्षे चालले आणि खर्च 16 लाख रुपयांच्या आसपास गेला. 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थानकाला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव दिले गेले. उरलेले काम 1888 मध्ये संपले.

पर्यटक रस्त्यापलीकडे उभे राहून ज्याचे फोटो काढतात, ते घुमटाचे, कमानींचे, मनोऱ्यांचे दर्शनी रूप हे खरे तर स्थानक नाही, कचेरी आहे. घुमटाखालचा भव्य जिना फलाटाकडे जात नाही. तो वळत वळत अधिकाऱ्यांच्या दालनांकडे चढतो. कंपनीने राजवाडा बांधला तो आपल्या कारभारासाठी. प्रवाशाच्या वाट्याला बाजूचा तिकीटहॉल आणि मागची लांबच लांब शेड आली. आजही रोज लाखो माणसे या इमारतीच्या कडेने धावतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी तो जिना पाहिलेला असतो.

शैलीला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणतात, पण इटालियन वळणाची, आणि वर भारतीय राजवाड्यांची छाप असलेली. मुख्य घुमट अष्टकोनी, दगडी फासळ्यांचा. त्याच्या टोकावर ‘प्रगती’ ही स्त्रीमूर्ती उभी आहे: उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. ही मोठी शिल्पे थॉमस अर्प याची. बारीक नक्षीचे बरेचसे काम मात्र सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले, आणि माझ्या मते इमारतीचा खरा जीव तिथे आहे. खांबांच्या माथ्यावर, कमानींच्या कोपऱ्यांत मोर, माकडे, खारी, पानेफुले कोरलेली आहेत; मान वर करून पाच मिनिटे थांबलात तर एक-एक दिसू लागतात. दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित मंडळींचे अर्धपुतळे आहेत. त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे दोघे मुंबईकर. पगडीतले नाना ओळखायला सोपे.

घड्याळाखालचा मोठा कोनाडा रिकामा आहे. तिथे राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला.

उपनगरी तिकिटे मिळतात तो हॉल ‘स्टार चेंबर’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याच्या छतावर सोनेरी तारे रंगवलेले आहेत. खाली संगमरवरी खांब, कमानी, रंगीत काचा. आणि त्यांच्यामधे तिकीट खिडक्या, एटीव्हीएम म्हणजे आपले तिकीट आपणच काढायची यंत्रे आणि सुट्ट्या पैशांवरून चाललेली हुज्जत.

3 फेब्रुवारी 1925 रोजी भारतातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला हार्बर मार्गाने गेली. 1500 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, ही त्या वेळी घेतलेली पद्धत मुंबईत नव्वद वर्षे टिकली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 मध्ये आणि हार्बरवर 2016 मध्ये ती जाऊन 25 हजार व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची, पद्धत आली. दरम्यान 1951 मध्ये जीआयपी इतर रेल्वेंबरोबर विलीन होऊन मध्य रेल्वे झाली आणि तिचे मुख्यालय याच इमारतीत राहिले.

फलाट 1 आणि 2 हार्बरचे: वडाळ्यावरून पनवेलकडे किंवा अंधेरी-गोरेगावकडे. 3 ते 7 मुख्य मार्गाचे: ठाणे, कल्याण, आणि कल्याणपुढे फाटा फुटून एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत-खोपोली. इंडिकेटरवर गावाचे पूर्ण नाव वाचायला इथे कोणाला वेळ नसतो. ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा, इथपर्यंत सरळ आहे; नवख्याची फसगत होते ती ‘एस’ आणि ‘एन’ला. ‘एस’ म्हणजे कर्जत आणि ‘एन’ म्हणजे कसारा. कल्याणपुढच्या दक्षिण आणि उत्तर फाट्यांवरून ही अक्षरे आली. शेजारी ‘एफ’ असेल तर फास्ट.

रूळ इथे संपतात, गाडी इथे रिकामी होते, म्हणून बसायला जागा मिळण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. त्यातून ‘रिटर्न’ मारण्याची रीत पडली. मशीद बंदर किंवा भायखळ्याला काम करणारा माणूस संध्याकाळी उलट दिशेने व्हीटीला येतो आणि त्याच डब्यात खिडकी धरून परत निघतो. फलाटावर गाडी शिरू लागली की ती थांबायच्या आत लोक उड्या मारून आत घुसतात. हे धोक्याचे आहे, हे करणाऱ्यांनाही माहीत असते.

8 ते 18 या फलाटांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. 1912 मध्ये बॅलार्ड पियरहून सुरू झालेली पंजाब मेल पुढे इथून निघू लागली. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन संध्याकाळी पुण्याला निघते. तिची डायनिंग कार आणि वर्षानुवर्षांचे पासधारक हा वेगळाच संसार आहे. कोकणकन्या, महालक्ष्मी, विदर्भ, आणि 2023 पासून सोलापूर व शिर्डीच्या वंदे भारत याही इथल्याच. या बाजूला आरक्षण केंद्र, प्रतीक्षालये, क्लोकरूम, विश्रामगृहे आणि अलीकडचे झोपण्याचे पॉड आहेत; 2021 मध्ये फलाट 18 जवळ जुन्या डब्यात उपाहारगृहही थाटले गेले. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र प्रतीक्षालय वगैरे नावापुरते. कोकणवाले चादरी अंथरून सरळ हॉलमध्येच मुक्काम करतात.

याच हॉलमध्ये 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दोन दहशतवाद्यांनी गाड्यांची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. 58 जण ठार झाले, शंभरावर जखमी. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे मारले गेले. उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून माइकवर सतत सांगत राहिले की मागच्या बाजूने बाहेर पडा. उपनगरी फलाटांवरचे अनेक जण त्यामुळे वाचले.

1996 मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले. 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले.

समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, 1893 सालची. दोहोंमधला रस्ता वाहनांनी इतका भरलेला असतो की तो ओलांडायचा तर भुयारी मार्गाने. मोबाइलची कव्हरे, घड्याळे, पट्टे विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत माणूस पलीकडे निघतो. 2025 मध्ये जमिनीखालून मेट्रो 3 देखील इथे पोहोचली.