‘किंग लिअर’चे शेवटचे शब्द नेमके कोणाचे?

शेक्सपिअरचं नाटक ‘किंग लिअर’ चार ओळींवर संपतं. त्यांचा आशय असा: या दुःखी काळाचा भार आपण वाहायलाच हवा, रीत म्हणून बोलायचं ते नको, मनात असेल तेच बोलू, सर्वांत थोरल्यानं सर्वांत जास्त सोसलं, आपण तरुण माणसं इतकं पाहणार नाही आणि इतकं जगणारही नाही. या ओळी कोण म्हणतं, हे हातात कोणती प्रत आहे त्यावर ठरतं.

नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १६०८ मध्ये, ‘क्वार्टो’ म्हणतात त्या लहान आकारात. त्यात या ओळींआधी ‘ड्यूक’ आहे, म्हणजे ऑल्बनी, लिअरचा थोरला जावई. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. पुढे १६२३ मध्ये त्याच्या नाटक मंडळीतल्या जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल यांनी ‘फोलिओ’ हा मोठा संग्रह काढला. तिथे त्याच ओळी ग्लॉस्टर या सरदाराच्या मुलाच्या, एडगरच्या तोंडी आल्या. शेक्सपिअरच्या हातचं हस्तलिखित उरलेलं नाही, त्यामुळे ताडून पाहायला मूळ प्रतच नाही.

दीर्घकाळ समजूत अशी होती की मूळ नाटक एकच, आणि छापताना ते दोन ठिकाणी वेगवेगळं बिघडलं. म्हणून अठराव्या शतकापासून संपादक दोन्ही प्रती मिसळून एक संहिता तयार करत आले. रंगभूमीवर तर १६८१ नंतर नेहम टेटचं सुखान्त रूपांतर चालत होतं. त्यात लिअर जगतो आणि त्याच्या धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, एडगरशी लग्न ठरतं.

पण फरक या चार ओळींपुरता नाही. ‘फूट, हृदया, फूट’ हे उद्गार क्वार्टोत मरणारा लिअर स्वतःच काढतो, आणि तेच त्याचे अखेरचे शब्द. फोलिओत ते लिअरचा इमानी सरदार केंट म्हणतो, धन्याचा जीव गेलेला पाहून. तिथला लिअर मात्र ‘तिचे ओठ पाहा, तिकडे पाहा’ म्हणत जातो, कॉर्डेलियात धुगधुगी आहे असं वाटून की काय, कोण जाणे. क्वार्टोत ही ओळच नाही. माणूस स्वतःचं मरण मागतो आणि माणूस आशेत मरतो, हे दोन शेवट छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या डुलकीतून आले असं मानणं मला जड जातं.

१९७० च्या दशकात अभ्यासक मायकेल वॉरन यांनी नेमकं ऑल्बनी आणि एडगर यांच्याकडे बोट दाखवलं. क्वार्टोतला ऑल्बनी वजनदार आहे. फोलिओत बायकोला, गॉनेरिलला, सुनावणारी त्याची बरीच वाक्यं गळली आहेत आणि एडगर पुढे आला आहे. म्हणजे नाटकावर मागाहून हात फिरला असावा. हे मत इतकं बळावलं की १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत ‘लिअर’ दोनदा छापलं गेलं, दोन स्वतंत्र नाटकं म्हणून. सगळ्याच अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

मला एडगर पटतो. शेवटी ऑल्बनी केंट आणि एडगरला राज्य सांभाळायला सांगतो. केंट नकार देतो: धनी बोलावतोय, मला जायचंय. त्यानंतर ऑल्बनीच बोलला, तर एडगरनं राज्याबद्दल हो-नाही काहीच न म्हणता पडदा पडतो. एडगर बोलला, तर त्या चार ओळी हेच त्याचं उत्तर होतं, आणि ‘आपण तरुण’ हे शब्दही त्याच्याच वयाला शोभतात.