वईपासून ताटव्यापर्यंत : घराच्या कडेच्या लागवडीची पार्श्वभूमी

पावसाचा जोर ओसरला की नेरूळ-बेलापूरच्या रो-हाऊसांत आणि ठाण्यात उरलेल्या मोजक्या बंगल्यांत एक काम हमखास निघतं : कुंपणाकडेचा वाफा नव्याने लावायचा. कोलियस कुजलेला असतो, अ‍ॅकॅलिफा खिडकीपर्यंत चढलेला असतो, मधल्या मोकळ्या मातीवर शेवाळ धरलेलं असतं. मग घोडबंदर रस्त्याच्या नर्सरीतून दहा रोपं येतात आणि भोकं बुजवली जातात. पण कशाशेजारी काय लावायचं, या प्रश्नाचं उत्तर इथल्या मागच्या पिढ्यांनी आपापल्या परीने शोधून ठेवलेलं आहे.

कोकणपट्टीत घराची कड म्हणजे आधी वई, झाडाझुडपांचं कुंपण. गुरं आत शिरू नयेत म्हणून शेर, निवडुंग, मोगली एरंड. निगुतीचं घर असेल तर मेंदी किंवा कोरांटी. फुलझाडं वईच्या आतल्या अंगाला, विहिरीजवळ नाहीतर न्हाणीच्या सांडपाण्यावर : तगर, जास्वंद, अनंत, अबोली, कर्दळ, सोनटक्का. रंगसंगती हा तिथे विषयच नव्हता. देवाची परडी रोज भरली पाहिजे, हा होता. म्हणून वैशाखात मोगरा, पावसाच्या तोंडाशी अनंत, श्रावणापासून पारिजातक, थंडीत शेवंती, आणि बारा महिने हाताशी तगर-जास्वंद. गौरीला तेरडा लागतो, तेव्हा आपसूक उगवलेला तेरडाही कोणी उपटत नसे. मला हा पक्का विचार केलेला आराखडाच वाटतो. तो कागदावर काढलेला नव्हता, पंचांगाला धरून होता.

या परडीत परकी फुलंही मुरली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, गुलबक्षी अमेरिका खंडातली, सदाफुली मादागास्करची. ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि दूरदेशीची झाडं या किनाऱ्यावर उतरायला जहाजांची वाट खुलीच होती.

शोभेसाठी वाफा आखायची रीत मात्र इंग्रजी अमदानीतली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली, तो काळ विलायतेत गालिच्यासारख्या भौमितिक वाफ्यांचा होता. एका रंगाची हंगामी रोपं दाटीने लावायची, हंगाम सरला की उपटून टाकायची. विल्यम रॉबिन्सन या बागतज्ज्ञाने तिथेच याविरुद्ध आवाज उठवला. त्याच विचाराची बागकार गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) मूळची चित्रकार. दृष्टी अधू होत गेल्यावर ती बागेकडे वळली. सरे परगण्यातल्या तिच्या घरी सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद ताटवा होता. दोन्ही टोकांना निळसर, रुपेरी, फिके रंग, आणि मध्याकडे येता येता पिवळा, केशरी, लाल. उंच झाडं मागे, बुटकी पुढे, आणि एकेक जात लांबट पट्ट्यांत. आजही कडेची लागवड शिकवताना हेच सांगितलं जातं.

अडचण अशी, की आपल्याकडे १४ फूट रुंदी नाही. शिवाय तिची बरीचशी झाडं थंडीत जमिनीपर्यंत मरून वसंतात पुन्हा फुटणारी. इथे झुडपं पावसात वेडी वाढतात आणि थंडीतही मागे हटत नाहीत. आपला त्रास रिकाम्या जागेपेक्षा दाटीचाच जास्त.

नवी मुंबईने या कडेला नवं रूप दिलं. हे शहर वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० साली स्थापन झाली. खाडीकाठच्या सखल खार जमिनीवर भराव पडला, नोड म्हणजे शहराचे एकेक विभाग वसले. अशा भरावात फूटभर खणलं की मुरूम लागतो. तिथे बोगनवेल आणि कण्हेर तग धरतात, नाजूक रोपं पिवळी पडतात. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत उभारली. ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण, आणि शेजाऱ्याशी भिंत जोडलेली नसल्यामुळे प्रत्येक घराला स्वतःची कड. इतक्या लहान जागेत कडेला मातीचा पट्टा राहावा, हे मला त्या आराखड्याचं मोठं देणं वाटतं. पुढे घरं वाढली, मजले चढले आणि बऱ्याच ठिकाणी त्या पट्ट्यावर लादी बसली.

त्यानंतरच्या मोठ्या संकुलांनी सोनेरी दुरांता, स्पायडर लिली आणि रिओ यांचे एकसुरी पट्टे रूढ केले. छाटायला सोपे, वर्षभर सारखे. घरच्या वाफ्यांनीही तेच उचललं, याचं वाईट वाटतं. शोभेच्या झाडाची निवड चुकली की काय होतं, ते येऊरला दिसतं : इंग्रजांनी शोभेसाठी आणलेली घाणेरी तिथल्या जंगलात पसरली आहे.

अलीकडे वारं थोडं फिरलं आहे. ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात गेलेला माणूस घरी येऊन कढीपत्ता, लिंबू, पानफुटी लावू लागतो, कारण त्यांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेला ब्लू मॉर्मन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतो.

तीन फुटांच्या पट्ट्यात जीकलचे सगळे थर मावत नाहीत, पण परडीचा क्रम मावतो. मागे तगर किंवा छाटून ठेवलेली जास्वंद, तिच्या पायाशी अबोली, आणि पुढची हातभर जागा हंगामाला मोकळी : आत्ता शेवंती, पावसात तेरडा. तेरड्याच्या शेंगा बोट लागताच तडकतात, तेव्हा फुगून पिवळट झाल्या की मुठीत झाकून तोडायच्या, बी सावलीत वाळवायचं आणि ज्येष्ठात पहिल्या सरीनंतर त्याच कडेला टाकायचं.